कोकणकडा, १६ मिमीची लेन्स आणि वाकलेलं क्षितिज

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी उभं राहून, फुल फ्रेम कॅमेरा आणि १६-३५ लेन्स घेऊन, १६ मिमीवर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, हातातच धरून तुम्ही पॅनोरमासाठी (फ्रेम जोडून केलेल्या रुंद फोटोसाठी) सहा आडव्या फ्रेम काढल्या. लाइटरूममध्ये जोडल्यावर क्षितिज केळ्यासारखं वाकलं, पायाजवळचा कातळ एके ठिकाणी दोनदा उमटला, आकाशात उभे गडद-फिकट पट्टे आले, आणि प्रत्यक्षात छाती दडपवणारा कडा फोटोत मात्र बसका दिसतोय. म्हणून आता फ्रेम जोडायला पीटीगुई हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं की फुकटचं हगिन पुरेल, असं विचारताय.

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, कारण या चार तक्रारींपैकी क्षितिज तेवढं ते पूर्ण सरळ करू शकेल. कातळावर आणि पट्ट्यांवर ठिगळ लावता येईल. बसक्या कड्याला मात्र कुठलंच सॉफ्टवेअर हात लावू शकणार नाही; ते कड्यावर उभे असतानाच ठरून गेलंय.

पुढचं सांगणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे: फ्रेममधली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे, आणि फोटो शेवटी कुठे दिसणार आहे. फोनच्या पडद्यापुरताच हवा असेल तर निम्म्या गोष्टी सोडून दिल्यात तरी चालेल. मी सह्याद्रीचे फोटो मुख्यतः मोठ्या प्रिंटसाठी काढतो, त्यामुळे माझं मत जरा कडक आहे. तेवढं वजा करून वाचा.

मूळ घोटाळा लेन्सच्या निवडीत आहे. दृश्य रुंद, म्हणून लेन्सही रुंद, असं आपण सहज धरून चालतो. पण पॅनोरमात आडवी रुंदी जोडणीतून मिळतेच. लेन्सने फक्त उंची पुरवायची असते. तुमच्याच लेन्सचं दुसरं टोक बघा: ३५ मिमीवर कॅमेरा उभा धरला तर वरपासून खालपर्यंत ५४ अंश येतात आणि आडवे ३८. आडव्या धरलेल्या १६ मिमीला वर-खाली ७४ अंश मिळतात, पण त्यातलं बरंचसं तुम्ही कापूनच टाकता: वरचं रिकामं आकाश आणि खाली तुमचे बूट. ३५ वर उभ्या फ्रेम घेऊन एक-तृतीयांश ओव्हरलॅप (शेजारच्या फ्रेममध्येही येणारा सामाईक भाग) ठेवलात तर १८० अंशांना सात-आठ फ्रेम लागतात. मी दोन्ही टोकांना एकेक जादा घेतो, कारण जोडणीनंतर कडा कापाव्याच लागतात.

आता डोंगर बसके का होतात ते. समजा एक सुळका पायथ्यापासून ३०० मीटर उंच आहे आणि तुमच्यापासून दहा किलोमीटरवर आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर १६ मिमीने तो साधारण ८० पिक्सेल उंच येतो. ३५ मिमीने १७५, ५० मिमीने २५०. गडाच्या तारामती शिखरावरून उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले डोळ्यांना केवढे ठसठशीत दिसतात, आणि वाइड लेन्सच्या फोटोत ते शोधावे लागतात, त्याचं कारण हेच. प्रिंटचा हिशोबही इथेच होतो. १८० अंशांचा दंडगोली (भोवतालचं वर्तुळ उलगडून सपाट केलेला) पॅनोरमा १६ मिमीने जेमतेम ८,४०० पिक्सेल रुंद होतो, ३५ मिमीने १८,०००च्या पुढे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर पहिला सव्वादोन फुटांचा प्रिंट, दुसरा पाच फुटांचा.

वाइड लेन्सचा आणखी एक त्रास आहे. सरळ रेषा सरळ ठेवण्यासाठी अशी लेन्स कडेचा भाग ताणते. १६ मिमीवर फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला वस्तू मध्यापेक्षा सव्वादोन पटींहून जास्त आडवी ताणली जाते. म्हणजे ओव्हरलॅपमध्ये तोच दगड एका फ्रेममध्ये ताणलेला आणि दुसऱ्या फ्रेममध्ये बराचसा मूळ आकारात असतो. सॉफ्टवेअर ते गणिताने सोडवतं, पण ताणलेल्या कोपऱ्यातला तपशील मुळात कमी असतो आणि लेन्सचा धूसरपणाही तिथेच जास्त. शिवाय वाइड लेन्सचे कोपरे काळवंडतात. प्रत्येक फ्रेमचा काळवंडलेला कोपरा शेजारच्या उजळ मध्यावर आला की आकाशात पट्टे दिसतात. तुमच्या पट्ट्यांचं निम्मं कारण हे, आणि उरलेलं निम्मं बहुधा ऑटो एक्स्पोजर. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावला असेल तर तिसरं कारण तोच. सूर्यापासून ९० अंशांवर त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, त्यामुळे रुंद आकाशात एक गडद निळा डाग उमटतो आणि तो नंतर पुसताना रडकुंडीला येतो माणूस. पॅनोरमा घ्यायचा तर पोलरायझर पिशवीत ठेवा.

मग रुंद लेन्स कधी वापरायची? साम्रदजवळच्या सांधण दरीत, जिथे दोन्ही भिंती अंगावर येतात आणि पायापासून वरच्या फटीपर्यंत सगळं हवं असतं, तिथे मीही २० मिमीच्या आसपास जातो आणि कॅमेरा उभा धरतो. पण तिथे पुढे सांगतोय तो त्रास दसपट होतो, हे ध्यानात असू द्या.

दुहेरी कातळाचं कारण पॅरॅलॅक्स. एक डोळा मिटून बोट समोर धरा, मग डोळा बदला. बोट मागच्या भिंतीवर उडी मारतं, तसंच हे. लेन्सच्या आत एक ठिकाण असतं, जिथून ती जग पाहते. कॅमेरा त्या ठिकाणाभोवती फिरला तर जवळचं आणि लांबचं एकमेकांच्या तुलनेत हलत नाही. बरेच जण त्याला नोडल पॉइंट म्हणतात. नाव चुकीचं आहे, पण दुकानात तेच चालतं. अडचण अशी की ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला असतो आणि हे ठिकाण त्याच्या दहाएक सेंटिमीटर पुढे. ३५ मिमीवर एका फ्रेमकडून दुसरीकडे २७ अंश वळलात की ते पावणेपाच सेंटिमीटर सरकतं. कॅमेरा हातात असेल तर तुम्ही स्वतःच्या कण्याभोवती फिरता, लेन्स त्याच्या फूटभर पुढे असते, आणि हे सरकणं १४ सेंटिमीटरवर जातं.

याचा फोटोवर परिणाम किती? ट्रायपॉडवर, दोन मीटरवरचा कातळ मागच्या डोंगराच्या तुलनेत सुमारे १३५ पिक्सेल सरकतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात ४०० पिक्सेल. एवढी फट जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर बुजवू शकत नाही, ते फार तर ती कुठे दिसेल ते ठरवतं. पण पाचशे मीटरवरच्या डोंगराच्या कडेला हाच फरक ट्रायपॉडवर अर्धा पिक्सेल, हातात दीड पिक्सेल. म्हणजे जवळपास नाहीच. मधल्या अंतरावर, समजा पन्नास मीटरवरच्या झुडपात, हातातल्या कॅमेऱ्याने सोळाएक पिक्सेलचा फरक पडतो. तो गवतात, पानांत खपून जातो, कातळाच्या सरळ कडेवर खपत नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे. तारामतीच्या माथ्यावरून नुसत्या लांबच्या रांगा घ्यायच्या असतील तर ट्रायपॉड नसला तरी बिनधास्त हातात काढा, आणि लोकांनी पॅनोरमा हेड (कॅमेरा लेन्सच्या त्या ठिकाणाभोवती फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) विकत घ्यायला सांगितलं तर ऐकू नका. काठावरचा कातळ, गवत, सोबती यांतलं काही फ्रेममध्ये हवं असेल तर मात्र लेन्सचं ते ठिकाण शोधल्याशिवाय गत्यंतर नाही.

ते शोधायला गडावर जावं लागत नाही, घरच्या खिडकीत होतं. ट्रायपॉडच्या डोक्यावर कॅमेरा मागे-पुढे सरकवता येईल अशी एक रेल बसवा. साधी, स्वस्तातली चालते. खिडकीच्या गजापासून हातभर अंतरावर कॅमेरा लावा आणि गजाच्या अगदी शेजारी लांबच्या इमारतीचा एखादा पाइप किंवा टॉवर येईल असं बघा. आता कॅमेरा डावीकडे वळवा, मग उजवीकडे. गज आणि पाइप यांच्यातली फट बदलते का? बदलत असेल तर रेलवर कॅमेरा थोडा मागे घ्या, पुन्हा वळवून बघा. फट वाढली तर दिशा चुकली, पुढे घ्या. एका जागेवर ती फट दोन्ही टोकांना तेवढीच राहते. रेलवर तिथे पट्टी चिकटवून ३५ लिहा. झूम लेन्सचं हे ठिकाण झूमबरोबर सरकतं, म्हणून २४ ला वेगळी खूण लागेल.

ट्रायपॉड न्यायचा नसेल तर ओळंबा न्या. खरंच. लेन्सच्या नळीला, त्याच ठिकाणाच्या खाली, रबरबँडने दोरी बांधायची आणि टोकाला चावी किंवा नट. जमिनीवर एक खडा ठेवायचा आणि प्रत्येक फ्रेमला ओळंबा त्या खड्याच्या वर आणायचा. तुम्ही कॅमेऱ्याभोवती फिरता, कॅमेरा तुमच्याभोवती नाही. दिसायला विचित्र दिसतं, लोक विचारतात काय चाललंय, पण चुकीचं अंतर १४ सेंटिमीटरवरून दोन-तीनवर येतं. कड्याच्या काठावर हा प्रकार मुळीच करू नका. नजर ओळंब्यावर असते आणि पाय सरकतात. काठापासून पाच-सहा पावलं मागे राहिलात तर जवळचा कातळही थोडा लांब जातो, ते फायद्याचंच.

सेटिंगचं पटकन. एक्स्पोजर मॅन्युअल, आणि ते दृश्याच्या सगळ्यात उजळ भागाला धरून ठरवा. कोकणकडा पश्चिमेला बघतो, त्यामुळे दुपारनंतर कोकणाकडची बाजू लख्ख असते. रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स एकच ठरलेला, आयएसओ १००, एफ ८. फोकस एकदा लांबच्या कडेवर करून ऑटोफोकस बंद. समोर कातळ असेल तर ३५ मिमी, एफ ८ ला पाच मीटरवर फोकस केल्यास अडीच मीटरपासून पुढचं सगळं पुस्तकी हिशोबाने स्पष्ट येतं; मोठ्या प्रिंटला डोंगर थोडे मऊ वाटतात, म्हणून मी फोकस त्याहून थोडा लांबच ठेवतो. मालिकेच्या आधी आणि नंतर स्वतःच्या तळहाताची एक फ्रेम घ्या. घरी आल्यावर शेकडो सारख्या दिसणाऱ्या फ्रेममध्ये कुठून कुठपर्यंत एक पॅनोरमा, हे त्यावरून कळतं. ढग पळत असतील तर मात्र सगळं झटपट उरका, आधी डावीकडून एकदा, मग लगेच पुन्हा एकदा.

आता क्षितिज. हा सह्याद्रीचा खास त्रास आहे. हिमालयातल्या टोकदार शिखरांच्या रांगेत पॅनोरमा दोन अंश कलला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मात्र माथे सपाट आणि कड्यांवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर, एकावर एक रचलेले. डोळा त्या रेषांना धरतो, आणि पाव अंशाचा कलही टोचतो. वाकडेपणा येतो तो कॅमेऱ्याच्या तिरकेपणामुळे नाही, फिरण्याच्या अक्षाच्या तिरकेपणामुळे. कॅमेरा थोडा खाली झुकवलेला असला तरी बिघडत नाही, पण तो ज्या अक्षाभोवती फिरतो तो उभाच हवा. बॉलहेडवाले (कॅमेरा एका गोळ्यावर हवा तसा कलवता येणारं ट्रायपॉडचं डोकं वापरणारे) इथे फसतात. फिरणारी चकती बॉलच्या खाली असते, त्यामुळे बॉल वापरून कॅमेरा सरळ केलात तरी अक्ष ट्रायपॉडच्या पायांएवढाच तिरका राहतो. पाय सारखे करून खालचा बुडबुडा मध्यात आणा, किंवा बॉलच्या वर बसणारा फिरता क्लॅम्प घ्या. मी दुसरा पर्याय निवडला, कारण खडकाळ उतारावर तीन पाय सारखे करत बसलं की ऊन निघून जातं.

जोडताना सरळ रेषा कशाला धरायची? तुमच्या उंचीवरचे थर आणि माथेच तेवढे पॅनोरमात आडवे राहतात. तुमच्या पातळीच्या खालचे थर जवळ येताना खाली जातात आणि दंडगोली प्रोजेक्शनमध्ये (प्रोजेक्शन म्हणजे भोवतालचं दृश्य सपाट चित्रावर उतरवण्याची पद्धत) वळतात. ते बरोबरच असतं, त्यांना ओढून सरळ करू नका. कोकणाकडे धुरक्याची जी वरची रेषा दिसते ती बऱ्याचदा पुरेशी सपाट असते आणि कामाला येते. डोंगराच्या उताराची रेषा मात्र कधीही धरू नका.

प्रोजेक्शनबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण कोकणकड्याचं खरं दुखणं मला इथे वाटतं. लाइटरूममधलं पर्स्पेक्टिव्ह साधारण १०० अंशांपर्यंत चालतं, पुढे टोकं फाटल्यासारखी ताणली जातात. १८० अंशांना दंडगोली किंवा गोली. हगिनमध्ये पानिनी नावाचं मधलं प्रोजेक्शन आहे, १२० ते १५० अंशांना ते सुरेख बसतं. पण यातलं काहीही निवडा, कोकणकड्याची ओळख म्हणजे त्याचा आत वळलेला नालाकार. तुम्ही त्याच्या मधोमध उभे राहून डावी आणि उजवी दोन्ही अंगं घेतलीत. दंडगोली प्रोजेक्शन तुमच्याभोवतीचं वर्तुळ उलगडून सपाट पट्टी करतं. मग दोन्ही अंगं दोन बाजूंना दोन वेगळे कडे होऊन बसतात, मध्ये कोकण, आणि वळण कुठेच नाही. हा दोष जोडणीचा नाही, उभं राहण्याच्या जागेचा आहे. पुढच्या खेपेला नालाच्या एका टोकाकडे, सुरक्षित जागा बघून, सरका आणि समोरचं अंग ९०-१०० अंशांत, ३५ किंवा ५० मिमीने घ्या. वळण एका बाजूने दिसतं, पोटातली खोली दिसते, आणि कडा उंच होतो. १८० अंश मिळाले म्हणजे चांगला पॅनोरमा, हा गैरसमज सोडा असं मी सगळ्यांना सांगतो.

बाउंडरी वॉर्पपासून सावध. लाइटरूममधला तो स्लायडर पांढरे कोपरे भरायला चित्रच ओढतो. गवत आणि ढगांवर ते कळत नाही, थरांच्या रेषांवर लगेच कळतं. थोडं कापणं परवडलं. डिहेझ, क्लॅरिटी, ऑटो टोन हे सगळं जोडणीनंतर. प्रत्येक फ्रेमवर आधी ऑटो केलंत तर प्रत्येकीचं गणित वेगळं होतं आणि पट्टे पुन्हा येतात.

आता तुमच्या हातातल्या सहा फ्रेमचं काय करायचं. लाइटरूममध्ये जोडबिंदू (शेजारच्या दोन फ्रेममधली एकमेकांशी जुळणारी ठिकाणं) हाताने बदलता येत नाहीत, म्हणून या मालिकेपुरतं तरी हगिन उघडा. आधी फुकटचंच बघा. पीटीगुई जास्त चपळ आणि वापरायला सुटसुटीत आहे, पण रोज पॅनोरमा करत नसाल तर पैसे त्यात घालण्याची घाई नको. रॉ फाइलवर कोपऱ्यांचा काळेपणा काढा, सगळ्या फ्रेमना एकच सेटिंग लावा, पण लेन्सचा आकार-दोष तिथे दुरुस्त करू नका आणि फ्रेम कापू नका. तो हिशोब हगिन स्वतः करतं. टिफ काढून हगिनमध्ये घ्या. आपोआप आलेल्या जोडबिंदूंपैकी ढगांवरचे हगिनमधलं सेलेस्ट हे साधन काढून टाकतं. पायाजवळच्या कातळावरचे आणि गवतावरचे तुम्ही हाताने काढा. बिंदू फक्त लांबच्या कडेवर आणि थरांच्या टोकांवर राहू द्या. मग ऑप्टिमाइझ करा. सरासरी चूक एक-दोन पिक्सेलवर आली की डोंगर जुळले असं समजा. क्षितिज पूर्वदृश्याच्या खिडकीत ओढून सरळ करा, पट्ट्यांसाठी फ्रेममधला उजेड जुळवणारा फोटोमेट्रिक ऑप्टिमायझर चालवा.

कातळ अजून दुहेरी दिसेल, कारण त्याला आपण जुळवलंच नाही. तिथे मास्क (फ्रेमचा कुठला भाग घ्यायचा-वगळायचा ते ठरवणारी खूण) वापरा. तो दगड ज्या फ्रेममध्ये पूर्ण आलाय ती ठेवा आणि शेजारच्या फ्रेममधून त्याच्यावर वगळण्याचा मास्क काढा. जोड मग दगडाच्या मधून न जाता बाजूच्या गवतातून जाईल. दगड एवढा मोठा असेल की दोन फ्रेममध्ये विभागलाय, तर खालून कापून टाका. उरलेला लांबट पट्टा आत्ताच्या फोटोपेक्षा चांगला दिसेल, पैज लावतो.

पुन्हा जाणार असाल तर वेळेचा विचार करून जा. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि तुमच्या मागचं ऊन समोरच्या कोकणावर पडतं. सूर्यास्ताला सूर्य थेट पॅनोरमात येतो आणि दोन फ्रेममधला उजेडाचा फरक सांभाळणं जिकिरीचं होतं. नोव्हेंबरात दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास कड्यावर ऊन असतं आणि सूर्य बहुतेक उभ्या ३५ मिमी फ्रेमच्या वरच राहतो. लेन्सवर हाताची सावली धरली की झालं. पायथ्याच्या पाचनई गावाकडून चढणार असाल तर सकाळी निघून दुपारपर्यंत आरामात पोहोचाल, जागा निवडायलाही वेळ मिळेल.